जुन्या कॉम्प्युटरवर अपडेट मिळत राहणारी ऑपरेटिंग सिस्टिम: शनिवारी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आम्ही चौघं बसतो. लोक जुनी मशीन घेऊन येतात, आम्ही ती पुन्हा कामाला लावतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यानंतर जिन्यावर रांग लागायला लागली आणि तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे लिहून ठेवलंय. येण्याआधी वाचलंत तर तुमचा अर्धा तास वाचेल आणि आमचा चहा गार होणार नाही.

कॉम्प्युटर ठणठणीत चालतोय. मग 'सपोर्ट संपला' म्हणजे संपलं काय?

दुरुस्ती संपली. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चुका सापडतच राहतात आणि त्या बुजवणारे अपडेट येत राहतात. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने हे १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून आणखी वर्षभर, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट घेता येतात. त्यानंतर सापडलेली फट तुमच्या मशीनवर उघडीच राहणार. शिवाय ती नेमकी कुठे आहे हे विंडोज ११ साठी आलेल्या दुरुस्तीवरून चोरालाही कळतं. दोन्हींचा बराचसा कोड एकच आहे.

दुसरी गोष्ट जरा सावकाश होते. बाकीचेही साथ सोडतात. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. क्रोमने पुढे तीन वर्षं निभावून नेलं आणि १०९ या आवृत्तीवर हात टेकले. आधी ब्राउझर कुरकुरतो, मग बँकेची साइट 'तुमचा ब्राउझर जुना आहे' म्हणते, मग प्रिंटर नवा घ्यावा तर त्याचा ड्रायव्हर मिळत नाही. मशीन मात्र पहिल्या दिवसाइतकंच ठणठणीत असतं.

विंडोज ११ जबरदस्तीने टाकून मिळेल का? भाच्याने एका मशीनवर टाकलंय.

नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या आहेत आणि भाच्याने त्यातलीच एखादी वापरली असणार. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. एखाद्या दिवशी अडलं तर फोन आम्हालाच येणार.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सहाव्या पिढीच्या आय-५ ला फक्त परवानगी नाही, क्षमता आहे. कोअर २ ड्युओचं तसं नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पॉपसीएनटी आणि एसएसई ४.२ या सूचना प्रोसेसरमध्ये असाव्याच लागतात आणि कोअर २ ड्युओमध्ये त्या मुळातच नाहीत. तिथे युक्ती चालत नाही, मशीन बूटच होत नाही.

माझा सीपीयू ३२-बिट आहे की ६४-बिट?

आधी एक. तुम्ही ज्याला सीपीयू म्हणता ते कॅबिनेट आहे. सीपीयू त्याच्या पोटात, पंख्याखाली असतो. (हे आम्ही दर शनिवारी सांगतो. आता सांगणं सोडून द्यावं असं आमच्यातल्या एकाचं मत आहे.)

ढोबळ हिशेब असा: कोअर २ ड्युओ आणि त्यानंतरचं जवळजवळ सगळं ६४-बिट. २००४ च्या आधीचे पेंटियम ४ सगळे ३२-बिट. मधल्या काळातलं तपासून बघावं लागतं. फसवतात ते नेटबुक. २००८-०९ मध्ये हातोहात खपलेला ॲटम एन२७० हा ३२-बिट होता, दिसायला तशाच नेटबुकमधला त्यानंतरचा एन४५० मात्र ६४-बिट. आणि मशीनवर ३२-बिट विंडोज आहे म्हणजे प्रोसेसर ३२-बिट असं मुळीच नाही. त्या काळात दुकानदार सर्रास ६४-बिट मशीनवर ३२-बिट विंडोज टाकून द्यायचे. आमच्याकडे 'हे ३२-बिट आहे हो' म्हणत येणारी निम्मी मशीन ६४-बिट निघतात आणि मालकाचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा होतो.

मग त्यावर टाकायचं काय?

४ जीबी रॅम आणि ६४-बिट प्रोसेसर असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट आणि डेबियन ही तिची रूपं, एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप.) विंडोजची सवय असलेल्याला दुसऱ्या दिवशी वेगळं काही वापरतोय हे विसरायला होतं. रॅम २ जीबी असेल तर डेबियन १३, त्यावर एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. डेबियनचं ६४-बिट अजून अगदी पहिल्या पिढीच्या ६४-बिट प्रोसेसरवरही चालतं. बाकीच्यांबाबत हे गृहीत धरू नका. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स २ असलेला प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलमध्ये साधारण २०१३ च्या हॅसवेलपासून पुढचा. सर्व्हर विकणाऱ्याच्या दृष्टीने ते ठीक आहे. तुमच्या कोअर २ ड्युओच्या काळातल्या जी-३१ चिपसेटच्या मदरबोर्डाच्या दृष्टीने नाही.

३२-बिट मशीनसाठी डेबियन १२ किंवा त्यावर बेतलेलं अँटीएक्स. डेबियन १२ ला जून २०२८ अखेरपर्यंत दीर्घकालीन सपोर्ट आहे. त्याहून जुनं, अगदी पेंटियम वगैरे घेऊन कुणी आलं तर आम्ही नेटबीएसडी ही वेगळी फुकट सिस्टिम सुचवतो आणि त्या माणसाला जास्तीची खुर्ची देतो, कारण तो हौशी असतो आणि लवकर उठत नाही.

३२-बिट सगळ्यांनी एकदम का सोडलं?

एकदम नाही, एकेकाने. उबुंटूने २०१९ मध्ये, म्हणजे १९.१० पासून, ३२-बिट जवळपास सोडलं. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल (म्हणजे सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर देणं बंद केलं. ६४-बिट मशीनवर जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालावेत एवढ्यापुरती पॅकेजं ठेवली. फायरफॉक्सने ३२-बिट लिनक्ससाठी १४४ वर थांबून, ज्यांना हवं त्यांच्यासाठी १४० ची दीर्घकालीन आवृत्ती किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत ठेवली.

कारण आळस नाही, मेमरी आहे. ३२-बिट प्रोग्रॅमला एका वेळी फार तर ४ जीबी दिसते. आजचा ब्राउझर नुसता बांधायला, म्हणजे कोडचा प्रोग्रॅम करायला, त्याहून जास्त लागते. म्हणजे ३२-बिट मशीनसाठीचा ब्राउझर ३२-बिट मशीनवर तयारच होत नाही, तो मोठ्या मशीनवर बांधून आणावा लागतो. ज्या घरात स्वयंपाकच होत नाही तिथे डबा किती दिवस पोचवणार?

लिनक्स तर फुकट आहे, सगळ्यांचं आहे. त्यातून जुनं हार्डवेअर का काढतात? एका कोपऱ्यात पडून राहिलं तर काय बिघडतं?

हा खरा प्रश्न. याला उत्तर द्यायला मला मजा येते, म्हणून लांबतं.

कोपऱ्यात काही पडून राहत नाही. कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक वेळी आतल्या जोडण्या थोड्या बदलतात: मेमरी कशी मागायची, टायमर कसा लावायचा, झोपेतून उठल्यावर कुणाला आधी जागं करायचं. तिथला रिवाज असा की ज्याने जोडणी बदलली त्यानेच ती वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. म्हणजे कुठेतरी बसलेला एक प्रोग्रॅमर १९९७ सालच्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये तीन ओळी बदलतो. ते कार्ड त्याने जन्मात पाहिलेलं नसतं. कोड कंपाइल होतो, म्हणून तो पुढे जातो. कार्ड चालतं का, हे फक्त ते कार्ड लावून बघणाऱ्यालाच कळणार. आणि तसं कुणी नसेल तर ड्रायव्हर कागदोपत्री जिवंत राहतो, प्रत्यक्षात कधीच मेलेला असतो.

मग एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं की याच्यामुळे आपलं काम वाढतंय. तो विचारतो, हे कुणी वापरतं का? काही आठवडे वाट बघतो. शांतता. मग काढून टाकतो. भोसरीत किंवा नाशिकला त्या कार्डावर एखादं गोदाम चाललेलं असतं, पण त्या गोदामवाल्याला प्रश्न विचारला गेला हेच माहीत नसतं.

वय हा निकष नाही, हे पटवायला दोन उदाहरणं पुरतात. इंटेलचा इटॅनियम हा सर्व्हरचा प्रोसेसर २००१ मध्ये बाजारात आला, त्याच्यामागे मोठमोठ्या कंपन्यांचा पैसा होता, २०२१ पर्यंत तो विकला जात होता. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.७ मधून तो गेला, कारण सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. उलट मोटोरोलाच्या ६८के घराण्यातल्या चिपा, ज्या ॲमिगा आणि अटारी या घरगुती कॉम्प्युटरांत असायच्या, अजून कर्नलमध्ये आहेत. ते हार्डवेअर ऐंशी-नव्वदच्या दशकातलं. पण मूठभर माणसं ती यंत्रं घरात चालू ठेवून नवा कर्नल लावून बघतात आणि मोडलं की सांगतात. बस्, एवढंच.

भावनेला जागा नाही म्हणावं तर, लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स ज्या मशीनवर लिहायला घेतलं ते ३८६ होतं. ३८६ चा सपोर्ट २०१३ च्या ३.८ मध्ये त्यानेच काढू दिला. २०१८ मध्ये ४.१७ मध्ये तर एका दमात आठ प्रकारचे प्रोसेसर गेले. २०१९ मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर अनाथ म्हणून नोंदला गेला. तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतली फ्लॉपी ड्राइव्हच उरली नव्हती. जुन्या बाजारात ढिगाने पडल्यात, हे त्याला कळवायला हवं होतं.

पण गेलेलं परतही येतं. जुन्या ग्राफिक्स कार्डांवर टेक्स्ट कन्सोल भरभर सरकवणारा कोड असाच काढला होता. वापरणारे निघाले, एकाने जबाबदारी घेतली आणि २०२२ मध्ये तो परत आत आला.

यात मी काय करणार? मला प्रोग्रॅमिंग येत नाही.

तुमच्याकडे मशीन आहे. प्रोग्रॅमरकडे नेमकं तेच नाही.

सगळ्यात सोपं: डेबियन टाकताना 'पॅकेज वापराच्या सर्वेक्षणात भाग घ्यायचा का' असं विचारतात, तिथे हो म्हणा. नाव-गाव जात नाही, पण कुठल्या प्रकारच्या मशीनवर काय चालतंय याची मोजणी जाते. त्यानंतर एचडब्ल्यू-प्रोब नावाचं छोटं साधन आहे, ते मशीनमधल्या सुट्या भागांची यादी आणि काय चालतं, काय नाही हे एका सार्वजनिक साठ्यात नोंदवतं. आम्ही दर मशीनवर मालकाला विचारून हे चालवतो.

त्यापुढचं काम बिघाड नीट कळवण्याचं. 'अपडेटनंतर बंद पडलं' यातून कुणाला काही कळत नाही. आधीची कुठली आवृत्ती चालत होती, कुठली चालत नाही, एवढे दोन आकडे द्या. सोन्याच्या मोलाचे असतात. का, ते एका नेटबुकच्या गोष्टीवरून सांगतो.

कोथरूडच्या एक आजी नेटबुक घेऊन आल्या. २ जीबी रॅम, झाकणावर नातवाने चिकटवलेला छोटा भीम. अपडेटनंतर पडदा काळा. टॉर्च तिरका धरला की अक्षरं अंधुक दिसत होती, म्हणजे चित्र येत होतं, मागचा दिवा लागत नव्हता. जुना कर्नल निवडला की सगळं ठीक. दोन आवृत्त्यांच्या मध्ये साधारण चौदा हजार बदल असतात. त्यातला गुन्हेगार शोधायची रीत जुनी आहे: मधला कर्नल बांधायचा, लावून बघायचा. चांगला निघाला तर गुन्हेगार पुढच्या निम्म्यात, वाईट निघाला तर मागच्या. पुन्हा त्यातला मधला. चौदा हजार असले तरी चौदा फेऱ्यांत एकावर येतं. गिट या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनात याला बायसेक्ट म्हणतात.

कर्नल मी माझ्या घरच्या मशीनवर बांधायचो, पेनड्राइव्हवर न्यायचो, नेटबुकवर लावायचो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चांगला-वाईट असं लिहीत गेलो. तीन शनिवार गेले. मधे एकदा पेनड्राइव्ह बदलायची विसरून तोच कर्नल दोनदा तपासला आणि चार फेऱ्या फुकट गेल्या. शेवटी एक बदल हाती लागला, जेमतेम सहा-सात ओळींचा. कळवलं. कर्नलच्या प्रोग्रॅमरचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, सोबत पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आणि एक वाक्य: माझ्याकडे असं मशीन नाही, लावून सांगाल का? लावला. दिवा लागला. अशा पॅचच्या खाली 'कुणी तपासलं' अशी एक ओळ असते. त्यात तुमचं नाव घालू का, असं आजींना विचारलं, तर म्हणाल्या, 'माझं कशाला, मी फक्त तीन आठवडे पत्ते खेळले नाहीत.'

मराठी टाइप होईल ना? आणि माझ्या जुन्या फायलींचं काय?

टाइप होईल, उत्तम होईल. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तोच कीबोर्ड लिनक्समध्ये तयार आहे, रोमनमधून टाइप करायची पद्धतही आहे. लोहित फॉन्टांवर तर पुण्यातल्या रेड हॅटच्या ऑफिसातल्या लोकांनी बरीच वर्षं काम केलंय. जुन्या मशीनवरही जोडाक्षरं नीट येतात, त्याला काही ताकद लागत नाही.

फायलींचं दुखणं वेगळं आहे. श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर आली तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरवून दिलेला आकडा, कुणाकडे नव्हता. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट असेल तर मजकूर मराठी दिसतो, नसेल तर सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा. फाइल खराब झालेली नसते, तिला वाचणारा चष्मा हरवलेला असतो.

रूपांतर करून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'सर्व' मध्ये रफार 'व' च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फायलीत तो 'व' नंतर येतो. युनिकोडमध्ये तो 'व' च्या आधी हवा. पहिल्या वेलांटीचंही तेच. ती अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फायलीत आधी असते. बहुतेक कन्व्हर्टर एवढं सांभाळतात. त्यांचं घोडं अडतं ते आपल्या खास मराठी 'ऱ्य' वर. 'वाऱ्यावर' चं 'वार्यावर' होतं, 'दुसऱ्या' चं 'दुसर्या'. हिंदीवाल्याने केलेल्या कन्व्हर्टरला त्यात चूक दिसतच नाही. रूपांतर झालं की आधी 'र्य' शोधा. त्यातले 'सूर्य' आणि 'कार्य' सोडून बाकीचे तपासा.

नारायण पेठेतले एक प्रेसवाले काका आजही पानं मांडायला पेजमेकर वापरतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७, २००१ ची. त्यांचं मराठी सॉफ्टवेअर प्रिंटरच्या, म्हणजे पॅरलल पोर्टला लावायच्या डोंगलवर चालायचं. डोंगल म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली, ती नसेल तर ते उघडतच नाही. डोंगल चालू, मदरबोर्ड गेला, आणि तसा पोर्ट असलेला नवा मदरबोर्ड मिळेना. यूएसबी डोंगल असता तर लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन करून त्यात एक्सपी ठेवलं असतं, ते छान चालतं. पॅरलल पोर्टचा डोंगल व्हर्च्युअल मशीनमध्ये हटून बसतो. शेवटी तशाच मॉडेलचा मदरबोर्ड जुन्या बाजारात मिळाला. पन्नास पंचांगांचा मजकूर एका बोर्डावर लटकला होता. काकांना तेव्हाच सांगितलं, आता युनिकोड. 'बघू दिवाळीनंतर,' म्हणाले. दोन दिवाळ्या झाल्या.

प्रिंटर चालेल?

डॉट मॅट्रिक्स असेल तर डोळे मिटून चालेल. टीव्हीएसचा एमएसपी २५० एप्सनची भाषा बोलतो आणि ती भाषा लिनक्सला पाठ आहे. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने त्याचं फर्मवेअर पाठवावं लागतं. ते एकदा बसवून दिलं की पुढे आपोआप होतं. कॅननचा एलबीपी २९०० हा पुण्यातल्या दर दुसऱ्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो, पण त्याची कॅप्ट ही भाषा कंपनीची स्वतःची. स्वतंत्र लोकांनी लिहिलेला ड्रायव्हर आहे, बसवायला वेळ लागतो, प्रिंटर बरोबर आणा.

टॅली चालेल?

टॅली लिनक्ससाठी निघत नाही. सीए मंडळींनी नवं मशीन घ्यावं आणि जुनं मुलांना द्यावं. हे प्रामाणिकपणे सांगतोय.

भोसरीत वर्कशॉप आहे. लेथच्या कंट्रोलवर डॉस आहे. बदलू का?

अजिबात हात लावू नका. तो कॉम्प्युटर नाही, लेथचा भाग आहे.

पण दोन कामं या आठवड्यात करा. एक, हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून ठेवा. जुनी आयडीई डिस्क जाणार हे नक्की, कधी एवढाच प्रश्न. तिच्या जागी कॅमेऱ्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या अडॅप्टरने बसतं, कारण त्या कार्डाची आतली भाषा आयडीईचीच आहे. दोन, हे मशीन नेटवर्कला जोडलेलं असेल तर केबल काढा. प्रोग्रॅम पाठवायला सिरीयल केबल पुरते. फ्लॉपीवर चालत असेल तर फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा, पेनड्राइव्ह घेणारा एम्युलेटर मिळतो. ऑफिसात एक्सपी चालवणाऱ्यांनाही हेच: एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. चालवा, पण इंटरनेटशिवाय.

कंट्रोलच मेला तर लिनक्ससीएनसी आहे. त्याला जुना, पॅरलल पोर्टवाला डेस्कटॉप आवडतो. पुष्कळदा नव्या लॅपटॉपपेक्षा तो सरस ठरतो, कारण नवं मशीन वीज वाचवायला मधूनच डुलकी काढतं आणि तेवढ्यात स्टेपर मोटरची पावलं चुकतात.

लिनक्स टाकलं, तरी ब्राउझर रांगतोय.

हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा. बाकी सगळे उपाय त्यानंतर. मग झेडरॅम चालू करा, म्हणजे मेमरीतलाच काही भाग दाबून ठेवता येतो. मग जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, कारण मराठी बातम्यांच्या साइटवर बातमीपेक्षा जाहिराती जड असतात.

सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात.

तारीख बघा. २००९ दाखवतंय ना? मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. चुकीच्या तारखेला प्रत्येक साइटचं प्रमाणपत्र अवैध दिसतं. तारीख बरोबर असूनही काही साइट अडत असतील तर सिस्टिमकडची मूळ प्रमाणपत्रं जुनी आहेत. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातल्या बऱ्याच जुन्या यंत्रांवर एका दिवसात अनेक साइट उघडेनाशा झाल्या. 'सपोर्ट' मध्ये हेही येतं, ते संपेपर्यंत दिसत नाही.

रॅम, एसएसडी कुठून घेऊ?

एसएसडी नवी घ्या, बिल घ्या, तापकीर गल्लीत मिळेल. डीडीआर २ ची रॅम नवी मिळणं कठीण, जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी बघा, पण आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालवा. एक जरी चूक आली तरी ती पट्टी परत करा. कधीतरी होणारं हँग आणि खराब होणाऱ्या फायली यांचं मूळ तिथे निघतं. आणि जी-३१ च्या बोर्डावर ४ जीबीच्या वर लावायचा प्रयत्न करू नका, तो चिपसेट तेवढंच घेतो.

२०३८ चं काय ते?

३२-बिट प्रोग्रॅमनी सेकंद मोजायला घेतलेला आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो आणि पुढच्या सेकंदाला १९०१ मध्ये जातो. डेबियन १३ ने ३२-बिट एआरएमसाठी हे दुरुस्त केलं. ३२-बिट पीसीसाठी नाही, कारण तिथे कोड न मिळणारे जुने प्रोग्रॅम मोडले असते. तेव्हा ३२-बिट डेबियनवर चालणाऱ्या पीसीला एक्सपायरी डेट आहे. त्याआधी सीआर२०३२ सेल तीनदा बदलावा लागेल.

जुनं मशीन कधी सोडून द्यावं?

मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील आणि बोर्ड फार खास नसेल तर. आणि विजेचा हिशेब केला तर. पेंटियम ४ च्या शेवटच्या काही चिपा एकट्याच १०० वॅटच्या वर खायच्या. मशीन १२० वॅट घेतंय असं धरा, रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस: २४ युनिट. तेच काम छोटा वापरलेला लॅपटॉप पाचव्या हिश्शात करतो. पेंटियम ४ हौसेने ठेवा, दुकानाच्या बिलिंगला नको.

भंगारात देताना ई-कचरा म्हणून द्या. त्यासाठी २०२२ चे नियम आहेत आणि नोंदणीकृत रिसायकलर आहेत. तारेतलं तांबं काढायला कुणीतरी मुठेकाठी ती जाळत बसेल अशा माणसाला देऊ नका. आणि डिस्क आधी पुसा. पुसली म्हणजे रिसायकल बिन रिकामा केला, असं नव्हे.

पण एक विनंती. मशीन विचित्र असेल, म्हणजे फारसं न दिसणारं ग्राफिक्स कार्ड, जुनं स्कझी कार्ड, कुठलंही आयएसए कार्ड, तर भंगारात देण्याआधी आम्हाला दाखवा. मागे एकांनी सी-डॅकचं डॉसच्या काळातलं, भारतीय लिपी दाखवणारं जिस्ट कार्ड आणलं होतं. आम्ही कपाटात ठेवलंय, ते लावायला स्लॉट असलेलं मशीन शोधतोय.

पैसे किती?

सामानाचे, बिलाप्रमाणे. आमचे नाहीत.

येताना काय आणू?

मशीन आणि त्याची स्वतःची पॉवर केबल किंवा चार्जर. मॉनिटर आणि कीबोर्ड आहेत, पीएस/२ वालेही. फोटोंची प्रत आधी काढून आणा, कारण 'काही होणार नाही ना?' या प्रश्नाचं उत्तर आम्ही देत नाही. वाय-फाय चालत नसेल तर घरचा राउटर आणू नका, केबल आहे. कॅबिनेट आणणार असाल तर लक्षात ठेवा, जिना अरुंद आहे आणि नववी पायरी हलते.